ताईची पडवी

१४ नोव्हें. २०२४, गुरुवार. सकाळी १०.२०
जव्हार. किल्ली हातात आणि दार नाही. दार नाही, भिंती नाहीत, कौलं नाहीत. नुसतं जोतं. ताईचं अख्खं घर उचलून नेलंय. मागे महाले गुरुजी आणि त्यांची बायको. घर घ्यायला तयार म्हणून मीच बोलावलेली. मी बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

जोत्यावर वावर गावची सोनीबाय, शेजारी दिवस भरलेली सून. दवाखान्यात सकाळी बोलावलं की लांबच्या बाया आदल्या दिवशी शेवटच्या जीपने येणार आणि ताईच्या पडवीत झोपणार. ताई नर्स होती तेव्हापासूनचं हे. काल या दोघी उघड्या दगडावर झोपल्या. सोनीबाय मलाच विचारते, "घर कुठं नेला, बाय?"

दुपारी
बंडूला फोन. धाकटा भाऊ; ताईमागे वारस आम्ही दोघंच. शांतपणे म्हणाला, जुन्या घराला गिऱ्हाईक नाही, मोकळी जागा लगेच जाते. सागवान वाया घालवलेलं नाही. रविवारी फार्महाऊसवर ये, गंमत आहे.
गंमत.
ताईने शेवटी आम्हा दोघांना सांगितलं होतं: विका, पण राहणाऱ्याला, पडवी उघडी ठेवणाऱ्याला. बंडूने उशाशी बसून मान हलवली होती. महालेबाईंनी ही अट ऐकताक्षणी कबूल केली. त्यांची सासूही वावरजवळच्या वांगणीहून अशीच यायची.

१७ नोव्हें., रविवार
नाशिकच्या अलीकडे, बंडूचं फार्महाऊस. फाटकावर वॉचमनने नाव विचारलं. आत आमची पडवी. तेच आठ खांब, पॉलिश मारून चकचकीत. झोपाळा. ताईचा फोटो, त्याला हार. पाहुणे फोटो काढून घेतायत. भावजय म्हणाली, "वन्सं, ताईंचं स्मारकच झालं की नाही?"
बायांच्या पाठी टेकून टेकून कोपऱ्यातला खांब काळा पडला होता. तो घासून कोरा केलाय.
सोनीबाय इथे येऊन झोपली तर चालेल का, विचारलं.
"झालं तुझं कॉन्व्हेंटच्या बाईसारखं प्रवचन सुरू," बंडू म्हणाला. "ताईची आठवण जपली, ते नाही दिसत तुला?"
डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं पाणी. त्याला खरोखर वाटतंय की त्याने… जेवले नाही. परतीच्या बसमध्येही तेच पाणी दिसत होतं.

१९ नोव्हें., मंगळवार
सोनीबायच्या सुनेला मुलगी. महालेबाईंनी कळवलं, त्या दोघींना यांनीच आपल्या दोन खोल्यांत ठेवलं होतं. म्हणाल्या, पडवी परत उभी राहिली तर मागच्या खोल्या आम्ही बांधू. थांबतो, पण महिनाअखेरपर्यंतच.
तिकडे बंडूला जव्हारच्या जागेसाठी लॉजवाला भेटलाय. माझी सही तेवढी अडलीय. "ताईसाठी कर गं," म्हणतो.

२१ नोव्हें., गुरुवार
बंडूला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. नक्कल:

चि. बंडू,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. लॉजच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. ताईचे आठही खांब, तुळया आणि कौलं जव्हारच्या जोत्यावर परत येणार की नाही, एवढंच विचारते. फोटो तुझ्याकडे राहू दे. त्याखाली कुणाला झोपायचं नाही. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस. हो किंवा नाही, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, शनिवार ३० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.