मागच्या बम्परचा क्लेम

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज गाडीला किरकोळ धक्का. मैदानाच्या कडेचा विजेचा खांब. मागचा बम्पर, डिकीचं झाकण, डावा टेललाइट. बाकी गाडी उत्तम.

गाडीत मी आणि बाई. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय सदुसष्ट, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या या बॅचमधल्या सर्वांत वयस्कर विद्यार्थिनी. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं आणि दर वेळी भाच्याची मनधरणी करावी लागते, म्हणून शिकतायत. रिव्हर्सला घाबरतात. त्यांची भीती घालवायला मी स्वतः करून दाखवत होतो. गेली असावी. धक्क्यानंतर अगदी शांत बसल्या होत्या.

काळजीचं कारण नाही. एके काळी दुसऱ्याचा ट्रक चालवायचो, आज स्वतःची स्कूल आहे, ती काही एका खांबाने पडत नाही. इन्शुरन्स आहे. तेवीस वर्षांत एकदाही क्लेम घेतला नाही, कंपनी उलट खूश होईल. वीस तारखेला सात जणांची लायसन्सची टेस्ट, तीही याच गाडीवर. तोवर गाडी नवीकोरी.

मंगळवार, ४
क्लेमचा फॉर्म आणला. 'अपघात कसा झाला' यासाठी फक्त तीन ओळी. तीन ओळींत काय मावणार. जादा कागद जोडला. लिहिलं की अचानक कुत्रं आडवं आलं आणि मुक्या जिवाला वाचवताना गाडी खांबाला लागली. मोठ्याने दोनदा वाचून काढलं.

बायकोला ऐकवलं. तिने विचारलं, गाडी मागे जात होती ना, मग कुत्रं पुढून आलं की मागून. तिला तांत्रिक बाबी कळत नाहीत. तरी खबरदारी म्हणून कुत्रं मागून आणलं. मग त्याला वाचवायला गाडी त्याच्याच अंगावर जायला लागली. कुत्रं काढून टाकलं. उद्या ताज्या डोक्याने सायकलस्वार.

बुधवार, ५
गाडी गॅरेजमध्ये टाकली. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी, दोनदा टेस्ट नापास झालेला. म्हणाला, कंपनीची मंजुरी आल्याशिवाय स्क्रूसुद्धा काढणार नाही. बम्परवर खांबाचा रंग लागलाय हेही दाखवलं, जरा जास्तच आवडीने. सातही जणांना कळवलं की गाडी सर्व्हिसिंगला आहे.

शुक्रवार, ७
इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन गेला. किडकिडीत तरुण, खिशात मोजपट्टी, बोलणं कमी. अशांना मी बोलता बोलता खिशात घालतो. सायकलस्वाराची सगळी हकीकत हातवाऱ्यांसह सांगितली. त्याने एकच विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठे बघत होता. म्हणालो, सगळीकडे. त्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, गाडीत आणखी कोण होतं, त्यांचाही जबाब लागेल.

उद्या बाईंकडे जायला हवं. पढवायला नव्हे. उजळणीला.

शनिवार, ८
बाईंनी माझा कागद लाल पेनाने तपासला. सायकलस्वाराखाली रेघ ओढून समासात लिहिलं, हा कोण? ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या. मग म्हणाल्या, सर, मी पाहिलं तेच लिहीन. तुम्ही म्हणालात, बाई, रिव्हर्स म्हणजे काय, मला डोळे मिटून येतो. आणि मिटलेत.

खुलासा करून ठेवतो. डोळे मिटले नव्हते. पापण्यांना विश्रांती दिली होती, फार तर चार सेकंद. शिवाय खांब मला ठाऊक होता. त्याच्यावर विसंबलो, ही माझी चूक कशी.

सोमवार, १०
नामी युक्ती. चालक म्हणून बाईंचं नाव घालायचं. शिकाऊ लायसन्स आहे, शेजारी मी, सगळं नियमात. शिकणाऱ्याने गाडी ठोकली तर कोण नावं ठेवतं. शिकवणाऱ्याचं मात्र तेवीस वर्षांचं नाव जातं.

फोन करून म्हणालो, तुमच्यावर काहीच येणार नाही, नुसती सही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. वाटलं, विरघळल्या. मग म्हणाल्या, सहा आठवड्यांत मी एकदाही कशाला धडकले नाही. या वयात एवढंच नवीन कमावलंय, सर. तेही तुम्हाला देऊ? आणि फोन ठेवला.

तापट बाई. दुपारी जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

बुधवार, १२
दोन विद्यार्थी समोरच्या स्कूलमध्ये गेले. तसेही त्यांचे क्लचवरचे पाय जड होते.

गॅरेजच्या दारात उभा होतो. माझे कान तिखट, आतलं सगळं ऐकू येतं. एक जण विचारत होता, हीच का ती डोळे मिटलेली गाडी. म्हणजे बाहेर चर्चा आहे. जाहिरातीला लोक पैसे मोजतात. बाईंनी कुणाला सांगितलेलं नाही, तसं विचारून घेतलं. बायकोनेही नाही, असं बायको म्हणते.

गुरुवार, १३
सर्व्हेअरला त्याच्या ऑफिसात गाठलं. फायलींच्या ढिगाआडून म्हणाला, काका, माणूस चुकतो म्हणून तर इन्शुरन्स काढतो. चुकीसाठी पैसे मिळतात, रचलेल्या गोष्टीसाठी मिळत नाहीत. सायकलवाला काढा, खरं लिहा, चार-पाच दिवसांत मंजूर करतो. उद्या पाचपर्यंत. नाहीतर खोटा क्लेम म्हणून फाइल बंद.

फाइल बंद म्हणजे गाडी तिथेच, टेस्ट बुडाली, उरलेले पाचही समोर. विचाराला वेळ मागितला. मी व्यवहारी माणूस, भावनेच्या भरात खरं बोलत नाही.

शुक्रवार, १४
सकाळी दहा. नवा फॉर्म. लिहिलं, 'क्षणभर दृष्टी विचलित झाल्याने'. खोडलं.

अकरा. 'डोळ्यांची नैसर्गिक उघडझाप चालू असताना'. खोडलं. फॉर्म संपला. दुसरा आणायला बायकोला पाठवलं.

साडेबारा. बाई दारात. आत आल्या नाहीत. विचारलं, टेस्ट होणार की नाही तेवढं सांगा, होणार नसेल तर आतापासूनच भाच्याला धरून ठेवते, तो पुढच्या महिन्यात परगावी चाललाय. मी म्हणालो, होणार. तोंडातून निघून गेलं.

एक. लिहिलं, 'गाडी मी चालवत होतो. डोळे मिटले होते.' दोनच ओळी लागल्या. सही केली. एवढ्याशा कामाला दहा दिवस गेले, ते कुत्र्यामुळे.

बुधवार, १९
क्लेम मंजूर. गॅरेजला सोमवारीच कळवलं होतं, काम तेव्हापासून सुरू, पत्र आज हाती आलं. इन्शुरन्स ऑफिसातल्या काउंटरवरच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं. अपघाताचं कारण, चालकाचे डोळे मिटलेले. चालकाचा व्यवसाय, वाहन प्रशिक्षक. मग तिने तेवढंच पुन्हा वाचलं. अक्षर लागलं नसावं. रांगेत माझ्या मागे समोरच्या स्कूलचा मालक. त्याने मला नमस्कार केला, दोन्ही हातांनी. चांगला माणूस आहे.

गुरुवार, २०
टेस्टला पाचही पास. बाई पहिल्या फटक्यात.

सकाळी गाडी ताब्यात घेतली, बाई टेस्टला जायला तिथेच आल्या होत्या. गॅरेजची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना वीतभर जागा, बाहेर काढायची ती रिव्हर्सनेच. मी किल्लीसाठी हात पुढे केला. गॅरेजवाल्याने ती बाईंच्या हातात ठेवली. टेस्टच्या आधी सराव होईल म्हणून मी हरकत घेतली नाही, शेजारच्या सीटवर बसलो. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, त्यावर पाय रोवून ठेवला. बाईंनी आरसे पाहिले, मान वळवली आणि गाडी सरळ रस्त्यावर आणली. ब्रेक दाबावा लागला नाही.

संध्याकाळी माझ्या पोटरीत गोळे आले. बायकोने विचारलं, आज फार चाललात का.

नाही, म्हणालो, बसून होतो.