पाटीवरची तीन अक्षरं

जे. एम. जे.

बफेलो,
उपवासकाळातला दुसरा शुक्रवार

आदरणीय सिस्टर मेरी क्लेमेंट यांस, जेराल्डीन पावलाकचा सविनय नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असावी अशी आशा आहे. गुडघे कसे आहेत? मठातलं सूप अजून तसंच पातळ आहे, की देवाला दया आली? (पुरे झालं हे 'आपण', रोझमेरी. तुझ्या अंगावर झगा चढून अर्धं शतक उलटलं, पण मला अजूनही गालाला पिरोगीचं पीठ लागलेली दुदेकांची रोझीच दिसते. अहो-जाहो करत बसले तर हे पत्र ईस्टरपर्यंत संपायचं नाही.) माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब तेवढा वाढलाय, पण तो आजार नव्हे, ते कॉलेज आहे.

तुला आठवतं, आपण दोघी पदवी घ्यायला एकत्र जाणार होतो. तुझ्या आईने दोघींच्या पांढऱ्या हातमोज्यांचं मापसुद्धा घेतलं होतं. मग दुसऱ्या वर्षाला माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी कॉलेज सोडून शाळेच्या बसगाड्या सोडायच्या कचेरीत चिकटले, तू मठात गेलीस आणि तिथे राहून पदवी घेतलीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तळ्यावरून बर्फाचं वादळ सुटलेलं असताना एकाही पोराला थांब्यावर गारठू न देता शहरभर बस पोचवणं हे कुठल्याही पदवीच्या तोडीचं काम आहे, असं माझा स्टॅन म्हणायचा. पण स्टॅन गेला, मी निवृत्त झाले, आणि घरात माझं बोलणं मलाच ऐकू यायला लागलं. तेव्हा म्हटलं, राहिलेलं तेवढं उरकून टाकावं. मला त्या कागदाची काही हौस नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी इतकी क्रेडिट जमवली होती की हसत हसत पदवी मिळेल असं वाटलं. कॉलेजात ब्रॅडली हॅलोरन नावाचे सल्लागार भेटले. (ओळख होऊन मिनिट झालं नसेल, लगेच 'जेराल्डीन' म्हणायला लागले. मी त्यांना मिस्टर हॅलोरन म्हणत राहिले. कोण आधी थकतं ते बघू या.) म्हणाले, "जेराल्डीन, क्रेडिट भरपूर आहेत हो, पण सगळी खालची!" खालची म्हणजे? तर म्हणे पदवीला ठरावीक क्रेडिट वरच्या पातळीची, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची लागतात, आणि मी गेले त्या दोन वर्षांच्या कॉलेजात वरची पातळी नसतेच. आता ऐक. तिथे मला कामगार चळवळीचा इतिहास ओल्शेव्स्कीसाहेबांनी शिकवला. तेच ओल्शेव्स्की, तेच पुस्तक, तोच खोकला घेऊन मंगळवारी ब्रॅडलींच्या कॉलेजात शिकवतात, आणि तिथे तो विषय वरच्या पातळीचा ठरतो! म्हणजे विद्या पुस्तकात नसते, डोक्यात नसते, ती इमारतीत असते. मी हे बोलून दाखवलं, तेवढ्यात त्यांच्या डीनबाई आत आल्या आणि मी ताडकन उभी राहिले. सवय! बाई तिशीच्या, पायात पळायचे बूट. घाबरून म्हणाल्या, "काही झालं का?" मी म्हटलं, "काही नाही, मला वळण लावलंय."

असो. दोन मार्ग होते. एक, दुसऱ्या कॉलेजचा वरच्या पातळीचा कोर्स करायचा आणि त्याचं क्रेडिट इकडे वळवून आणायचं. दुसरा, परीक्षा देऊन ते सरळ खिशात घालायचं. मी दोन्ही धरले. कोर्स घेतला 'वार्धक्य आणि समाज'. म्हटलं, यात तरी घरचा अभ्यास आहे. वर्गातली वीस-वीस वर्षांची मंडळी मला संगणकाच्या पडद्यावरून म्हाताऱ्या माणसांना काय वाटतं ते समजावून सांगायची. निबंधात मी लिहिलं की नवरा गेल्यावर सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे एका माणसापुरते बटाटे उकडणं. बाईंनी लाल शेरा मारला: 'आधार कुठे आहे?' मी कळवलं, आधार माझ्या स्वयंपाकघरात आहे. तर उत्तर आलं की स्वतःचा अनुभव हा आधार होत नाही. म्हातारपणात मला 'बी' ग्रेड मिळाली, रोझी! ज्या विषयाचा मी रोज सकाळी उठून सराव करते त्या विषयात! (क्रेडिट मात्र वळून आलं. वरच्या पातळीचं.)

आता उरली परीक्षा. विषय, हसू नकोस, नीतिशास्त्र. तयारी करताना सारखी आपल्या शाळेतली सिस्टर बोनाव्हेंचुरा आठवायची. तुमच्या स्वयंपाकघरात बसून आपण तिची धर्माची प्रश्नोत्तरं घोकायचो, तुझी आई करंजीसारख्या पिरोगीच्या कडा चिमटत आपल्या चुका काढायची (तिला प्रश्न माहीत नसायचे, पण चूक बरोबर कळायची), खिडकीवर वाफ धरायची आणि तू त्या वाफेवर लॅटिन क्रियापदं चालवायचीस. तसा अभ्यास मी पुन्हा कधी केला नाही. तशी भूकही लागली नाही. आणि वर्गात सिस्टर बोनाव्हेंचुरा शिरली की बाकं कशी एका दमात खडखडायची! पेपर हातात आला की पहिलं काम, माथ्यावर तीन अक्षरं लिहायची. जीझस, मेरी, जोसेफ. ती नसली तर ती बाई पेपर तपासायचीच नाही. "त्या तिघांना न विचारता सुरू केलंस ना, मग मार्कही त्यांच्याकडूनच घे!"

परीक्षा घरूनच द्यायची होती. संगणकाच्या डोळ्यातून एक गृहस्थ पहारा देतात. नाव डेव्हॉन, आवाज सर्दी झाल्यासारखा. आधी खोली दाखवा, टेबलाखाली दाखवा, केस मागे करून कान दाखवा. (लग्नाच्या वेळी स्टॅनच्या आईनेसुद्धा इतकी तपासणी केली नव्हती.) भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, त्यावर अक्षरं आहेत म्हणून. कच्च्या कामासाठी एक छोटी पांढरी पाटी चालते, ती कोरी असल्याचं दाखवलं. डेव्हॉन म्हणाले, "करा सुरू." मी डोळे मिटले, ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली, क्रुसाची खूण केली, आणि पाटीच्या माथ्यावर तीन अक्षरं लिहिली.

पडदा काळा.

"मॅडम, हात टेबलावर ठेवा. कुणाशी बोलत होतात?"

"देवाशी."

"खोलीत दुसरं कोणी असायला परवानगी नाही, मॅडम. आणि पाटीवर काय लिहिलंत?"

"पवित्र कुटुंब."

"कुणाचं कुटुंब?"

मी तिघांची नावं सांगितली. अगदी हळू, पहिलीतल्या मुलाला सांगावीत तशी. थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ही नावं कोणत्या उत्तराशी संबंधित आहेत?"

आणि इथे माझी जीभ मला नडली, रोझी. मी म्हटलं, "सगळ्याच."

उरलेला पेपर देऊ दिला, पण निकाल अडकवून ठेवलाय. शेरा: 'सांकेतिक लिखाण, बाहेरच्यांची मदत घेतल्याची परीक्षार्थीची कबुली.' नीतिशास्त्राच्या परीक्षेत कॉपी! सिस्टर बोनाव्हेंचुरा असती तर तिने त्या कंपनीच्या दारात उभं राहून जपमाळ म्हटली असती, मोठ्याने. ईस्टरच्या आत खुलासा पटला तर ठीक, नाहीतर वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही आणि मे महिन्यातला पदवीदान समारंभ माझ्यावाचून होईल. ब्रॅडली म्हणाले, "मग पुढच्या वर्षी, जेराल्डीन!" बाहत्तराव्या वर्षी 'पुढच्या वर्षी' कोण म्हणतं? ज्याला स्वतःचं पुढचं वर्ष नक्की आहे तोच. पण जाऊ दे. कागदाची मला हौस नाही, हे वर लिहिलंच आहे. आज शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात तळलेल्या माशाची ताटं आहेत, उशीर केला तर शेपट्याच उरतात. मठातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग, आणि पायऱ्यांवर कठडा धरत जा.

तुझी,
जेरी

ता. क. माझा खुलासा त्यांना चालत नाही, मी आरोपी आहे ना. प्रथेची माहिती असलेल्या जबाबदार व्यक्तीचं पत्र हवंय. तेव्हा मठाच्या छापील कागदावर लिही की ही तीन अक्षरं आपण सगळ्या मुली लिहायचो आणि त्यांच्यामुळे कुणालाही कधी एकही उत्तर सुचलं नाही. (याची साक्ष माझे लॅटिनचे मार्क देतील.) माझ्या स्वभावाबद्दल काही लिहू नकोस. तू खोटं बोलणार नाहीस, म्हणून सांगतेय.

आणखी ता. क. आत्ता पाकिटात घालताना पाहिलं, या पत्राच्या माथ्यावरही मी तीच तीन अक्षरं लिहून बसलेय! वाणसामानाच्या यादीवरही लिहिते की काय, बघायला हवं. वरची पट्टी कापून पुरावा म्हणून सोबत जोड. फक्त वरची. खाली डेव्हॉनच्या सर्दीपासून सगळं आहे.

शेवटचा ता. क. पदवीदानाचा झगा आणि टोपी मी आधीच मागवलीय. लांबीला मोठा होतो, तो कालच आत दुमडून शिवला. पाहुण्यांसाठी जागा मिळते, तिथे तुझं नाव देऊन टाकलंय. हातमोजे तुझ्या आईने घेतलेल्या मापाचे आता व्हायचे नाहीत, नवे घेईन, दोन जोड. तुझ्या गुडघ्यांचा विचार करून लिहिणार होते की माझं नाव पुकारतील तेव्हा तू बसूनच राहा. पण नको. ऊठ. कठडा धर, काठी धर, शेजारच्याचा खांदा धर, पण सिस्टर बोनाव्हेंचुरा आत आल्यावर उठायचीस तशी ऊठ. नाहीतर मी स्टेजवरून खाली येईन आणि तुला वळण लावेन.