जोहान्सबर्गच्या पत्राचं दुसरं पान

रियाध, फेब्रुवारी १९९१

मुबीनभाई,

तुझा बहरीनच्या बॉक्सिंग फाइटचा फोटो मी वहीत चिकटवलाय. पण सांगायचंय ते वेगळंच.

जोहान्सबर्गहून फाइटचं बोलावणं आलं, तेव्हा मी इंग्लिश मीडियमची म्हणून तू ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलंस. आपल्या भारतीय पासपोर्टवर वर्णभेदामुळे साउथ आफ्रिका चालत नाही, म्हणून व्हिसा वेगळ्या कागदावर देणार होते. कफील, म्हणजे तुझा इथला मालक, तोही सोडायला तयार होता. गोऱ्यांच्या हॉटेलात तुला ‘ऑनररी व्हाइट’ म्हणून ठेवणार, हे ऐकून तू केवढा हसलास!

“मी गोरा? अम्मीला कळव, स्थळं येतील!”

मग एकदम विचारलंस, “आणि काळे लोक मॅच बघायला कुठे बसणार?”

“मागे. जाळीपलीकडे,” मी म्हटलं.

“मग खलास. नाही जायचं.”

मला इतकं प्राउड वाटलं की शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

भाई, दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की हॉलमध्ये सगळे एकत्र बसतील. ते मी तुला वाचून दाखवलंच नाही; जाळी मी मनानेच रचली. मला तू हीरो हवा होतास.

फाइट व्हायची होती त्याच आठवड्यात सायरन वाजला आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांसारखा तूही इराकचं स्कड मिसाइल बघायला गच्चीवर गेलास. त्याचा तुकडा लागला आणि तुझा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

काल हॉस्पिटलमध्ये डाव्या हाताने मला टपली मारून म्हणालास, “तस्नीम, निदान त्या जाळीसमोर तरी नाही खेळलो.”

म्हणून आज हे लिहितेय. माझ्या जागी तू असतास, तर ते पान वाचून दाखवलं असतंस का?

तुझी,
तस्नीम