दिवाणाखालचा सहा

नागपूर, ता. २६ नोव्हेंबर २०२४

ती. कौशल्याताईस,
मारोतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन केला असता, पण आपलं बोलणं सुरू झालं की कुसुम मधूनच फोन घेते आणि माझ्या वतीनं उत्तरं देऊन मोकळी होते. म्हणून नेहमीसारखा कागद.

ताई, परवाच्या रविवारी माझ्यावर अन्याय झाला. आमच्या रणनीती मंडळाबद्दल तुला मागं लिहिलं होतं. आम्ही चार सेवानिवृत्त माणसं आठवडाभर लष्करी इतिहास वाचतो आणि रविवारी माझ्या माडीवर, टेबल-टेनिसच्या टेबलावर, बोटभर उंचीच्या शिशाच्या शिपायांनिशी जुन्या लढाया पुन्हा लढतो. कोण पडलं, कोण हटलं, ते फासे टाकून ठरतं. कुसुम याला भातुकली म्हणते. तिला मी रसद म्हणजे काय ते समजावून सांगत होतो, तर तिनं मला दळण आणायला पाठवलं.

या खेपेला आपली सीताबर्डी होती, १८१७ सालची. भोसल्यांची फौज माझ्याकडे, इंग्रजांची कंपनी उमाठ्यांकडे. हेच अंकुशराव उमाठे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आपल्या दीप्तीचे होणारे सासरे. मी लहान टेकडी घेतली. मोठीवर चढलो. आता फक्त सहा हवा होता. मी फासा टाकला, तो टेबलावरून उडाला आणि दिवाणाखाली गेला. मी स्वतः पालथा पडून, टॉर्च लावून पाहिलं. सहा होता, ताई. उमाठे म्हणाले की टेबलाबाहेर गेलेला फासा बाद, नियम चौदा. पुन्हा टाकायला लावला. एक पडला. दोनशे सात वर्षांनी भोसले पुन्हा हरले, आणि तेही माझ्याच घरात.

मी उमाठ्यांना कंपनीचा दलाल म्हणालो. ते म्हणाले की ज्यानं जन्मभर भूमापन खात्यात लोकांच्या बांधावर साखळी ओढली, त्याला टेबलाची हद्द कळू नये याचं आश्चर्य वाटतं. चहा न घेता गेले. आठ तारखेचं दीप्ती आणि त्यांच्या गौरांगचं साक्षगंध त्यांनी पुढं ढकललं आहे. मी लेखी माफी मागावी असं म्हणतात. मी मागणार नाही. इथं तत्त्वाचा प्रश्न आहे.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ नियमात बसवू नकोस, आहे तसाच राहू दे.

तुझा,
मारोत

---

जलालखेडा, ता. १ डिसेंबर २०२४

चि. मारोतले,
अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कोणी मेलं. दुसऱ्यांदा समजलं का शिशाचे लोकं मेले.

इकडं संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू हाय. फळ यंदा बरं धरलं, पण वानरं खाऊन राहिले कमी अन् फेकून राहिले जास्त. तुह्ये भाऊजी दिवसभर बागेत डबा वाजवत फिरतात अन् घरी आल्यावर मलेच बहिरी म्हणतात.

आता लढाईचं. मले एक सांग गा, तुम्ही चौघं त्या सीताबर्डीच्या टेकडीवर कधी चढले काय? का तिथं जाताच गुडघे दुखतात? तिच्या खाली बाजारात गेल्या दिवाळीले कुसुमसोबत गेला होता, तर तूच वाट चुकला होता, असं ती मले म्हणाली.

आमच्या शेजारच्या धोंडबाचं अन् आमचं नऊ वर्षांपासून बोलणं बंद हाय, दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून. पण मागच्या उन्हाळ्यात आमची मोटर जळाली, तर त्यानं आपल्या विहिरीचा पाइप न बोलता आमच्या बागेत आणून टाकला. बोलणं बंद हाय, पाणी बंद नाही. तुम्हाले एवढंही जमत नाही, अन् लढाया लढून राहिले.

तुह्या दोन पानांत दीप्ती काय म्हणते हे कुठंच नाही. गौरांग काय म्हणते हेही नाही. काहून? त्यांचं लग्न हाय न? पोरीले आधी इचार, मंग तत्त्व पाय.

कुसुमले सांग, पापड पाठवते. तू रागावला तरी माह्यी माया काही हटत नाही.

तुह्यी,
ताई

---

नागपूर, ता. १२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
मारोतचा सा. नमस्कार.

आनंदाची बातमी. तह झाला.

आठ तारीख कोरडी गेली. मधल्या काळात उमाठ्यांनी अकरा कलमांचा मसुदा पाठवला होता, मी त्यावर सतरा हरकती घेतल्या. पत्रं पोचवायचं काम गौरांगकडे होतं. मुलगा फार सालस आहे. पाकीट देतो, मान खाली घालून उभा राहतो, उत्तर घेऊन जातो. एका शब्दानं कुणाची बाजू घेत नाही. दूत असावा तर असा, असं मी कुसुमला म्हणालोसुद्धा. तिनं माझ्या हातात भाजीची पिशवी दिली.

मंगळवारी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. तिथं पानिपतावरचा एक दोन खंडी ग्रंथ आल्याचं कळलं होतं. पहिला खंड हातात आला आणि दुसरा काही सापडेना. मान वर केली, तर समोर उमाठे, दुसरा खंड छातीशी धरून. दुकानदार जोडी फोडायला तयार नव्हता. आम्ही दोघं तिथंच वेताच्या मोड्यांवर बसलो. उमाठ्यांनी मला त्यांच्या खंडातला नकाशा दाखवला. मी त्यात उत्तर दिशा चुकलेली दाखवून दिली. ते म्हणाले की अशी नजर दुसऱ्या कुणाला नाही. ताई, दहा मिनिटांत सगळं मळभ गेलं. जोडी दोघांत मिळून घेतली, पहिला खंड माझ्याकडे, दुसरा त्यांच्याकडे, आणि टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी ठोकायची असं ठरलं.

साक्षगंध एकोणतीस तारखेला, सकाळी अकराला. म्हणजे तीनपर्यंत पाहुणे निघतील आणि आम्हाला पानिपत मांडता येईल. तुम्ही दोघं आदल्या दिवशीच या.

दीप्तीला विचार, असं तू लिहिलं होतंस. आता विचारायचं कारण उरलं नाही.

वडीलपणानं लोभ करतेस, तो असाच चालू ठेव.

तुझा,
मारोत

---

नागपूर, ता. १६ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
नमस्कार.

तुला पत्र लिहून राहिली म्हणजे समजून घे की फोनवर मला रडू येईल.

साक्षगंधाची तारीख मला बाबांनी सांगितली नाही, केटरिंगवाल्यानं सांगितली. मी मिहानमध्ये ऑफिसात होती, त्याचा फोन आला की मॅडम, जिलबी ठेवायची की इमरती. मी विचारलं कशासाठी, तर तोच बिचारा लाजला.

आत्या, भांडणाचं मला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. मी गौरांगला म्हटलं, चल, आपण दोघं त्यांच्यासमोर जाऊन बसू आणि सांगू की तुमचा फासा तुमच्याजवळ ठेवा, आम्ही आठ तारखेला तयार आहोत. तो म्हणाला की बाबांचं काय ठरते ते पाहू. आठवड्यानं पुन्हा म्हटलं, तर म्हणाला, मी मधात पडलो तर बाबांना वाईट वाटेल. मला वाईट वाटून राहिलं होतं ते त्याला दिसत होतं, म्हणजे असं नाही की दिसत नव्हतं. तह झाला त्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'सुटलो न आपण'. मी तो खूप वेळ पाहत बसली. उद्या माझ्या नोकरीवरून काही झालं, पोराच्या शाळेवरून झालं, तरी हा असाच पाकीट घेऊन उभा राहील.

तो वाईट नाही गं. पण मी नाही म्हणणार आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या मनात आहे तेच कर, मी बाबांना सांभाळते. त्यानंतर आठ दिवस तुझ्याकडे येऊ का? काही विचारू नकोस, फक्त राहू दे.

तुझी,
दीप्ती

---

नागपूर, ता. २४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
मारोतचा नमस्कार.

दीप्ती पोचली असेल. हे पत्र तिच्यापुढं वाचू नकोस.

शनिवारी संध्याकाळी उमाठे मंडळी पाहुण्यांची यादी करायला आली होती. दीप्तीनं सगळ्यांना चहा दिला, स्वतः खुर्ची ओढून बसली आणि शांतपणे सांगितलं की हे लग्न तिला करायचं नाही. गौरांगमध्ये खोट नाही, पण कोण जिंकतं याची वाट पाहत तो दोन आठवडे थांबला, आणि तसं जन्मभर थांबणाऱ्या माणसाजवळ तिला बसायचं नाही. हे ऐकल्यावर गौरांगनं आधी वडिलांकडे पाहिलं. ते मलाही दिसलं.

यमुताई, म्हणजे उमाठ्यांच्या सौभाग्यवती, डोळे पुसत कुसुमपाशी बसल्या. मी आणि उमाठे माडीवर गेलो. आणि तुला खरं सांगतो, तिथं आम्ही तासभर चूक कुठं झाली यावर चर्चा केली. मी म्हणालो की तह वेळेत झाला नाही. उमाठे म्हणाले की आपल्याकडे बातमी काढायची व्यवस्थाच नव्हती. त्यांनी एका मोहिमेचा दाखला दिला, मी दुसरीचा. मग कुसुम वर आली. ती म्हणाली की पोरगी खाली बॅग भरून राहिली आणि तुम्ही इथं पुस्तकं काढून बसले. आवाज चढवला नाही. उमाठ्यांनी पुस्तक मिटलं आणि जिन्यानं निघून गेले.

मी दीप्तीच्या खोलीत गेलो. तिनं मला एकच विचारलं. त्या रविवारी कोणी मला सांगितलं असतं, की पडलेला एक मान्य करा, नाही तर मुलीचं साक्षगंध मोडेल, तर मी काय केलं असतं? मी ताबडतोब उत्तर द्यायला हवं होतं. मी विचार केला. दोनतीन श्वासांचाच असेल. पण तेवढ्यात माझ्या मनात आलं, की तो सहा खरा होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, असू द्या बाबा म्हणाली, आणि बॅगेची चेन लावली.

त्यानंतर मी जे बोललो ते काही उपयोगाचं नव्हतं.

काल उमाठ्यांकडे गेलो. माझ्या मुलीवर राग धरू नका, एवढं म्हणायला. ते म्हणाले की राग नाही, पण गौरांगला लहानपणापासून आपण कधी काही विचारलंच नाही, हे आता सुचतं आहे. चहा गौरांगनं केला. साखर जास्त झाली होती, तरी आम्ही दोघांनी कप रिकामे केले.

पाच जानेवारीला रविवार आहे. पहिल्या बसनं येतो. तिला भेटायचं नसेल तर ओसरीवर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परतेन. तिला विचार, आणि ती म्हणेल ते जसंच्या तसं लिही.

तुझा लोभ मागायला आज तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
मारोत

---

जलालखेडा, ता. २८ डिसेंबर २०२४

चि. मारोतले,
अनेक आशीर्वाद.

दीप्ती बरी हाय. पहिले दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी उठून भाकर खाल्ली अन् बायांसोबत संत्री निवडाले बसली. त्यातली आमची भागीरथा तिले फळ हातात घेऊन आतून पोचट हाय का भरलं हाय ते ओळखाले शिकवून राहिली. पोरगी दहातले आठ बरोबर सांगते आता.

तुह्यं पत्र मी तिच्यापुढं वाचलं नाही. पण तिनं अक्षर ओळखलं. मी म्हणलं, तुह्या बाप पाच तारखेले येऊन राहिला, येऊ देऊ काय? ती दोन टोपल्या भरेपर्यंत निवडतच राहिली. मंग काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही म्हणला, तर लिहिते. ती म्हणाली, येऊ दे, पण त्या दिवशी मी बोलीन अन् बाबा ऐकतील. अन् संध्याकाळच्या गाडीनं परत जाचं नाही म्हणा, एका दिवसात व्हाचं नाही, माझ्याजवळ सांगायला खूप आहे.

तर दोन सदरे जास्तीचे घेऊन ये. बस थांब्यावर तुह्ये भाऊजी येतील. आमचा जीव तुम्हा साऱ्यांवर हाय, ते काही लिहून सांगाची गोष्ट नाही.

तुह्यी,
ताई