दाजींचा पैरा

२ सप्टें.
सकाळी लार्सच्या भावाचा स्वीडनहून फोन. वडील गोठ्यात पडले, उजवी बाजू गेली. भाऊ शहरात मास्तर, त्याला गाईंचं काही जमत नाही. माती गोठायच्या आत बटाटे, चारा, सगळंच उरकायचंय. फोन ठेवून ल. द्राक्षबागेत गेला तो जेवायलाच आला. भाकरी अर्धी टाकली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

४ सप्टें.
फ्रीजरचं दार उघडून उभा होता. म्हणे बर्फाचा वास येतो. मी म्हटलं, लावा दार, बिल येतंय. हसला नाही.
आबांनी जावयाचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाप हाय. जायाला पायजे." मग जरा वेळानं, "परत कवा?"
"बघू की, आबा."
पलूस तालुक्यात राहून माणूस 'बघू' म्हणायला शिकला. ल.च्या आजोबांचा भाऊ अमेरिकेत मक्याच्या शेतावर गेला, तोही असंच काहीतरी म्हणून गेला असणार. नाताळला फोटो यायचे, माणूस कधी आला नाही. त्यांच्या घरातला पिढीला एक जण परक्या मातीत जातो. या पिढीचा माझ्या वाट्याला आला. किती दिवसांसाठी, हे तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं.

९ सप्टें.
ल. पैरे फेडत सुटलाय. ज्यांनी ज्यांनी आमच्या बागेत एक दिवस दिला, त्यांच्याकडे जाऊन एक दिवस देतोय. कुणाच्या उसात, कुणाच्या सोयाबीनमध्ये. कुणाचं काही अंगावर ठेवून जायचं नाही म्हणतो. शेजारपाजारचे डबे-पातेलीसुद्धा घासून परत देऊन आला. रिकामी. आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नाही का इतक्या वर्षांत?

१० सप्टें.
शेजारच्या बागेचे शिवाअण्णा घरी आले. त्यांचाही पैरा काल ल.नं फेडला. अण्णांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.
"दाजी, ही काय गडबड? पैरा कदी असा फेडत्यात व्हय?"
"अण्णा, जाताना हिशेब पुरा करावा. आमच्याकडं तशीच पद्धत हाय."
"तुमच्याकडं," अण्णा म्हणाले, आणि टोपी घालून उठले.
आत येऊन आई पुटपुटली, सगळं फेडून गेलेला माणूस परत कशाला येईल. मी चहा गाळत होते. तेच माझ्याही मनात होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको होतं.

१६ सप्टें.
पुण्याला सोडायला गेले. वाटेत घाटात चहाला थांबलो. थंड वारा होता. ल.नं जॅकेट काढून हातावर घेतलं, तोंड वाऱ्याकडे. इतका सुखात मी त्याला उन्हाळ्यात कधी पाहिला नाही. राग आला. मग रागाचीच लाज वाटली.
"मी येऊ का?" विचारलं.
"बाग कोण बघणार? आबा?"
खरंच आहे. मूल असतं तर त्याचं नाव पुढे केलं असतं. तेही नाही.
लोकांसमोर अहो-जाहो करते, विमानतळावर मात्र 'ये रे लवकर' निघून गेलं. मान हलवली त्यानं. हो की नाही, कळलं नाही.

२९ सप्टें.
फोटो आला. वडील खुर्चीत, ल. मागे. नाक सारखंच. वडील त्याला धाकटा मुलगा, मास्तर, समजतात म्हणे. पहाटे दव गोठायला लागलंय. बटाटे काढून झाले. मजकुरात जिकडेतिकडे 'आमचं शेत'. मग आम्ही इथं ज्यात राबतो ते कुणाचं?
त्याची छाटणीची कात्री खुंटीला आहे. मी हात लावत नाही.

७ ऑक्टो.
उद्या बागेची छाटणी. मजुरांची टोळी सांगून ठेवली आहे. आबांना उन्हात उभं राहू देणार नाही. ल. असता तर आज दहा वेळा काड्या बघून आला असता.

८ ऑक्टो.
टोळी आलीच नाही. शिवाअण्णांनी परस्पर तिला दुसरीकडे पाठवली होती. दिवस उजाडायला बागेत सगळी आळी. बायका, गडी, आपापल्या कात्र्या घेऊन. ज्यांचे पैरे ल. फेडून गेला तेच सगळे.
मी म्हटलं, "अण्णा, मजुरी..."
"गप, वैशे. मजुरी बिजुरी न्हाई. ह्यो पैरा हाय. दाजींच्या नावावर." कात्री न थांबवता बोलत होते. "आता तेंच्या अंगावर समद्या आळीचा दिवस चढला. सांग फोनवर. बदली माणूस चालायचा न्हाई, सोता यायला पायजे."
मला रडू आलं. तिथंच, ओळीत उभी राहून रडले. बायकांनी काम थांबवलं नाही, ते बरं केलं.
संध्याकाळी व्हिडिओ लावला. मोकळी बाग दाखवली. लार्सनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग, "कोण कोण आलं होतं?" एकेक नाव सांगितलं. प्रत्येक नावाला हं म्हणाला. मागून वडिलांनी हाक मारली. "ठेवतो," म्हणाला.

१९ ऑक्टो.
काड्यांचे डोळे फुटले. एकसारखे, गुलाबी. त्याला फोटो पाठवला. उत्तरादाखल फक्त एक वेल पाठवली त्यानं, इमोजीतली.

२ नोव्हें.
अण्णांची बाग छाटून झाली. बांधाकडच्या दोन ओळी तेवढ्या सोडल्यात, जुनी पानं तशीच.
"दाजींचा पैरा," म्हणाले. "तेवढं तेंच्या हातानं."
ल.ला सांगितलं. एकदम शेतकऱ्याच्या आवाजात बोलला, "त्यांना सांग, उशीर करू नका. हंगाम गेला तर घड येणार नाहीत. इथं अजून काही ठरलं नाही."
बरं म्हटलं.

५ नोव्हें.
बांधावरून गेले. अण्णा पाणी सोडत होते. "काय म्हनलं दाजी?"
"काय नाही. विचारत होते तुम्हाला."
निरोप दिला नाही. घरी येऊन खुंटीवरची कात्री काढली, पुसून तेल दिलं, परत त्याच्याच खुंटीला अडकवली.