बॉनेटवरची वीतभर जागा

॥ श्री ॥

सुपा, ता. पारनेर
दि. ९ जून २०२५

चि. अमृत यास आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. फोनवर तू जे बोलतोस ते माझ्या कानांपर्यंत अर्धेच येते आणि अर्ध्या वाक्याला उत्तर देणे मला कधी जमले नाही, म्हणून पत्रांचा आग्रह धरला. तू तो पाळतोस, याचे समाधान आहे. मात्र पत्राच्या शेवटी 'काळजी घेणे' असे लिहीत जाऊ नकोस. ती ना आज्ञा, ना विनंती. 'काळजी घ्यावी' असे लिहावे.

तुझी आई गेल्यापासून या घरात निगा राखण्याजोगे दोघेच उरलो आहोत, एक मी आणि दुसरी तुझी गाडी. पैकी गाडीची निगा मी मनापासून राखतो. मे महिन्यात पाऊस अवेळी कोसळून गेला आणि आता आभाळ पुन्हा कोरडे आहे. रस्त्याचे रुंदीकरण, टेकडीवर खडी फोडणारी यंत्रे आणि कारखान्यांकडे धावणारे ट्रक यांनी मिळून अंगणाचा रंगच बदलला आहे. सकाळी पुसलेल्या पांढऱ्या गाडीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. परवा कोणीतरी मागच्या काचेवर 'गाडी धूवा' असे लिहून ठेवले होते. मी आधी त्यातला ऊकार ऱ्हस्व केला आणि मग काच पुसली.

शेजारचा वैजनाथ दर रविवारी येऊन इंजिन चालू करून जातो. तुझ्या आईला डायलिसिससाठी नगरला नेताना गाडीला जे वळण लागले ते मोडू नये, असे तो म्हणतो. तो 'लई धूळ हाय, गुरुजी' म्हणाला की मी 'फार धूळ आहे' असे म्हणतो आणि तो मान डोलावून पुन्हा 'हाय'च म्हणतो.

तुला नोकरीच्या गावची, होसूरची हवा मानवो. मनातली ममता आहेच, ती पत्रातूनही पोचती व्हावी.

तुझा,
आप्पा


होसूर
दि. २२ जून २०२५

ती. आप्पा यांस,
अमृतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र वाचून हसलो आणि मग काळजीत पडलो. वैजनाथकडून फोनवर कळले की तुम्ही आईच्या जुन्या लुगड्याची घडी करून गाडी कोरडीच पुसता, तीही उन्हात ओणवे होऊन. आप्पा, ती धूळ साधी नाही, खडीचा भुगा आहे. कोरड्या फडक्याखाली तो रंगावर काचकागदासारखा फिरतो. उन्हात तिरके पाहिले तर छपरावर बारीक ओरखड्यांची जाळी दिसते, असे वैजनाथ सांगतो. कव्हर घालूनही भागणार नाही. वाऱ्याने ते हलते आणि आतली धूळ रंगावर घासत राहते. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची आणि मगच ओले फडके वरून खाली फिरवायचे.

त्यापेक्षा कायमचा उपाय आहे. सुप्यातच एक जण सिरॅमिक कोटिंग करतो. आधी यंत्राने पॉलिश करून वरचे ओरखडे काढतात आणि मग रंगावर काचेसारखा थर देतात. धूळ चिकटत नाही, चिखल पाण्याच्या एका तांब्याने जातो. बॉनेटवर कसलासा लालसर डाग पडला आहे म्हणे, तोही निघेल. मी विचारून ठेवले आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.

आणि मोतीबिंदूचे मनावर घ्या. लंकाआत्याचा फोन होता. श्रावणात देवळालीला येऊन राहा, राहुरीला ऑपरेशन करून घेऊ, असे ती म्हणते. भावाला दिसेनासे झाले की चुका कोण काढणार, असेही म्हणाली.

आशीर्वाद असू द्यावेत. तब्येतीची काळजी घ्यावी. (या वेळी बरोबर लिहिले आहे.)

तुमचा,
अमृत


सुपा
दि. ४ जुलै २०२५

चि. अमृत यास आशीर्वाद.

तुझी सूचना वाचली. ती मान्य नाही.

गाडी परक्याच्या हाती देऊन तिच्यावर यंत्र फिरवावे, एवढी ती बिघडलेली नाही. कोरडे पुसू नये हे पटले. टँकर आला की एक बादली गाडीसाठी बाजूला ठेवतो आणि ओल्या फडक्याने छपरापासून खाली पुसतो. लुगडे मात्र तेच वापरतो, कारण ते मऊ आहे. डागाचे म्हणशील तर मला त्याची अडचण होत नाही. पांढऱ्या वस्तूवर एखादा डाग असला म्हणून ती वस्तू टाकाऊ ठरत नाही. हा विषय येथे संपवावा.

लंकाकडे ऑगस्टच्या मध्यास जाईन. तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि तिची बडबड या दोहोंपैकी एक तरी आता नीट ऐकू येणार नाही, एवढे सुख आहे.

येथे सर्व पूर्ववत. सायंकाळी अंगणात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसतो. लोभ तुझ्याकडूनही असावा, हे वेगळे लिहायला नको.

तुझा,
आप्पा


देवळाली प्रवरा, ता. राहुरी
दि. १८ ऑगस्ट २०२५

चि. अमृत यास आशीर्वाद.

उद्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात की ही फार साधी गोष्ट आहे. साध्या गोष्टींचाच मला अलीकडे भरवसा वाटत नाही, म्हणून दिसते आहे तोवर एक गोष्ट लिहून ठेवतो.

बॉनेटवर जो आहे, तो डाग नव्हे.

गाडी आणलीस तो दसरा तुला आठवत असेल. तू पेढे वाटायला गेला होतास. तुझ्या आईने कुंकू पाण्यात कालवले आणि बॉनेटच्या उजव्या अंगाला स्वस्तिक काढले. तेव्हा तिच्या हातांना नुकतीच सूज येऊ लागली होती. बोट थरथरले आणि खालची एक भुजा भलतीकडे वळली. ती उलटी झाली आहे, पुसून पुन्हा काढ, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या. जाईल तवा जाईल आपोआप. तुमी पुसू नका.' हे वाक्य मी तिच्याच शब्दांत, दुरुस्त न करता लिहीत आहे.

ते आपोआप गेले नाही. उन्हाने कुंकवाचा रंग आत उतरला आणि कडा पसरल्या. आता ते स्वस्तिक आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच दिसते. नगरला निघताना ती गाडीत बसण्याआधी तेथे बोटे टेकवून ती कपाळाला लावी. शेवटच्या खेपेस तिला चालवेना, तेव्हा वैजनाथने गाडीच दारापर्यंत आणली आणि तिने माझा हात धरून तो तेथे टेकवला.

त्या वीतभर जागेवर मी फडके कधीच फिरवत नाही. तेथली धूळ फुंकरीने उडवतो. लोक पाहतात आणि म्हातारा चळला असे समजतात, समजोत. घरात तिच्या पुष्कळ वस्तू आहेत, पण त्या तिने विकत घेतलेल्या आहेत. हाताने काढलेले असे एवढेच उरले आहे, कारण तिला अक्षर येत नव्हते आणि मी शाळाभर मुलांना शिकवणारा, माझ्याकडून ते तिला शिकवायचे राहून गेले.

तेव्हा यंत्र, पॉलिश, थर, यांपैकी काहीही त्या गाडीवर होऊ देऊ नकोस. जुलैच्या पत्रात कारण लिहिले नव्हते. आता लिहिले.

लंका आतून ओरडते आहे की दिवा लावल्याशिवाय लिहू नका, असतील ते डोळे आजच संपतील. थांबतो. जिव्हाळा ठेव.

तुझा,
आप्पा


होसूर
दि. १९ ऑगस्ट २०२५

ती. आप्पा यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा डोळ्यावरची पट्टी निघालेली असेल. आत्याला वाचू देऊ नका, ती मधली वाक्ये गाळते.

तुम्ही रागावणार हे गृहीत धरून एक आगाऊपणा केला आहे. तुम्ही देवळालीला गेल्याचे कळताच वैजनाथकरवी गाडी कोटिंगला दिली. काल संध्याकाळी काम पूर्ण झाले. तुम्ही खर्चाच्या संकोचाने नाही म्हणत आहात, हे मला ठाऊक आहे. वैजनाथ तिथेच बसून होता. आधी फवाऱ्याने सगळी धूळ काढली, मग चिकणमातीसारख्या गोळ्याने रंगात रुतलेले कण ओढून काढले, मग पॉलिशचे यंत्र. छपरावरची जाळी साफ गेली. बॉनेटवरचा डाग तेवढा हट्टी निघाला, तिथे यंत्र दोनदा फिरवावे लागले, पण आता बोट लावूनही जागा सापडत नाही, असे वैजनाथ म्हणतो.

थराचे कौतुक असे की पाणी टाकले तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून जातात, काही मागे राहत नाही. आता तुम्हांला ओणवे व्हायला नको. नव्या डोळ्यांनी नवी गाडी पाहा आणि मला शाबासकीचे एक तरी वाक्य लिहा, व्याकरणाच्या शेऱ्याशिवाय.

आईला किती आनंद झाला असता. आशीर्वाद असावेत.

तुमचा,
अमृत


होसूर
दि. २६ ऑगस्ट २०२५

आप्पा,

तुमचे अठरा तारखेचे पत्र आज मिळाले. तुम्ही देवळालीत ते लिहीत होतात, त्याच दिवशी सुप्यात यंत्र चालू होते.

कोटिंगवाल्याला फोन केला. खाली कुठे खूण उरली असेल का, थर काढला तर दिसेल का, असे विचारले. तो चांगला माणूस आहे. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला की रंगावरचा जो थर लाल झाला होता तोच घासून गेला, खाली काही नाही. वैजनाथला सांगितले. त्याला इतकेच म्हणता आले, 'मला म्हाईत असतं तर मी गाडीफुडं आडवा झालो असतो, दादा.' तो आईला इतक्या वेळा घेऊन गेला, पण ती बोटे टेकवायची तेव्हा गाडीच्या पाया पडते आहे, असे त्याला वाटायचे.

दसऱ्याचे फोटो शोधले. एकच आहे. त्यात आई बॉनेटसमोर उभी आहे, हसते आहे, आणि नेमकी ती जागा तिच्या पदरामागे झाकली गेली आहे.

आप्पा, जुलैच्या पत्रात तुम्हीही डागच म्हणालात. योग्य जागी योग्य शब्द, हे तुम्ही मला छडी घेऊन शिकवलेत. एक शब्द लिहिला असतात तर. हे लिहायला नको होते. पण खोडून पाठवले तर तुम्ही खोडलेलेही वाचाल.

दिवाळीला येतो. काय करू ते सांगा. डोळ्यांची काळजी घेणे.

अमृत


सुपा
दि. ३ ऑक्टोबर २०२५

चि. अमृत यास आप्पांचे आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. दोन्ही डोळे झाले. आता इतके स्पष्ट दिसते की टेकडीवरच्या यंत्रातून धूळ उठताना दिसते आणि ती अंगणात पोचेपर्यंत नजरेने तिचा माग काढता येतो. तुझ्या पत्रात ज्या चुका होत्या, त्या मी तशाच राहू दिल्या आहेत. तू विचारलेस ते रास्त होते. मात्र त्या ओळी पुन्हा लिहू नकोस, एवढेच मागणे.

गाडीचे काम उत्तम झाले आहे, यात शंका नाही. बॉनेटमध्ये माझे तोंड दिसते. वैजनाथला मी बोल लावला नाही. तो आठवडाभर आमच्या दारावरून खाली मान घालून जात होता, तेव्हा मीच हाक मारून त्याला चहाला बसवले.

काल दसरा झाला. वैजनाथने गाडी धुतली आणि झेंडूची माळ घातली. मी तुझ्या आईचा कुंकवाचा करंडा काढला. कुंकू कोरडे पडले होते. ते पाण्यात कालवले आणि त्याच जागी स्वस्तिक काढायला घेतले. मला ते तिच्यासारखेच काढायचे होते, खालची भुजा भलतीकडे वळलेली. पण जन्मभर फळ्यावर सरळ काढत आलेला हात. तो ऐनवेळी योग्य दिशेलाच वळला. तरी चालेल असे म्हणून बोट उचलले, तोच रेघ तुटली. कुंकवाचे पाणी आक्रसून थेंबाथेंबांत जमले आणि थेंब घरंगळत खाली गेले. दुसऱ्यांदा काढले, तेही गेले. तू लिहिले होतेस तसेच, मोत्यांसारखे. वैजनाथ म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या, गुरुजी.' त्याला मी दुरुस्त केले नाही.

बंपरखालची माती तेवढी लाल झाली होती. आज ट्रकांच्या धुळीने तीही झाकली गेली.

दिवाळीला अवश्य ये आणि जाताना गाडी घेऊन जा. येथे तिची निगा राखण्यासारखे आता काही उरलेले नाही. धूळ बसते, पण वैजनाथच्या एका तांब्याने निघून जाते. लुगडे मी धुऊन, वाळवून घडी करून ठेवले आहे.

सकाळी उठून अंगणात जाण्याची सवय मात्र अजून तशीच आहे. आजही गेलो आणि त्या जागेवर वाकून फुंकर मारली. नंतर लक्षात आले की उरलेल्या बॉनेटवरून ती जागा वेगळी ओळखताच येत नाही, तेव्हा मी फुंकर नेमकी कोठे मारली, हे मला सांगता येणार नाही.

माया होती तशीच आहे. पत्र लिहीत जावे.

तुझा,
आप्पा