एका वाटीतली हळद

पण आई, मला पंचा वेगळा दे म्हणालो तर एवढं रागवायचं काय होतं? "गलाईच्या दुकानात राहून परक्यासारखा वागायला शिकलास व्हय रं? आपल्यात कुणाचा पंचा कुणाचा, आसलं कवापासनं?" तेव्हाच पँट वर करून तुला नडगी दाखवायला पाहिजे होती.

इकडं कोइमतूरला, सोनं-चांदी गाळायच्या दुकानावर, आम्ही सातजण एका खोलीत झोपायचो आणि टॉवेल होते दोन. एकाला फोड आला, फुटला, वर काळी खपली आणि खाली खोल जखम. मग दुसऱ्याला. तसल्या दोन जखमा नडगीवर घेऊन मी आष्ट्याला सुट्टीवर आलो आणि ताईच्या पोरीला मांडीवर खेळवत बसलो. आठ दिवसांत तिच्या पायाला उठलं, मग तिच्या भावाला. तू हळद तेलात कालवलीस. वाटी एक, चिंधी एक. पोरीची जखम पुसून तीच चिंधी वाटीत, मग पोराला. वर म्हणतीस, "घरची हळद हाय, जखमंची काय टाप?"

विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का? हे हातानं, कपड्यानं पसरतं. असलं तर सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं." तू म्हणालीस, "न्हाई वं बाई, पोरास्नीच." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी फुल पँटीत दाराशी उभा. मीही नाही म्हणून मान हलवली.

पोरं बरी झाली. मी दुकानावर परत आलो, आणि तुझ्या टाचेला फोड आला. तुला तर साखर. "चप्पल लागली म्हणती," ताई फोनवर सांगायची. चप्पल लागली नव्हती, आई. मला ठाऊक होतं, तरी बोललो नाही. पाय काळा पडला, विष अंगात भिनलं, आणि मी दोन गाड्या बदलून पोचेपर्यंत तुला स्मशानात नेलं होतं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. काल ताईचा फोन आला. शेजारच्या पोरांना तसलंच झालंय, आता आपल्या घरात दोघांना. मी म्हणालो, दोघांना नको, सगळ्यांना घेऊन जा डॉक्टरकडं, लपवू नका. तर म्हणते, "शाळा सोडल्याला तू, तुला एवढं कसं रं ठावं?" "इथं ऐकलंय," म्हणालो. एवढंच. खरं तिला अजून सांगितलं नाही. पाच माणसांच्या औषधाला पाठवतोय, बावीसशे रुपये.